सरकारी मालकी म्हणजे साम्यवाद नव्हे

साम्यवाद हे परक्या मुलखातील मत असून मराठवाड्याशी त्याचा काडीमात्र संबंध नाही, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष म्हणतो की, येलदरीस पूर्णा नदीवर सरकारने धरण बांधून 1968 साली पुरे केले, पायथ्याशी वीजगृह उभारले, खाली सिद्धेश्वरहून कालव्यांनी शेतांना पाणी दिले. यात खाजगी मालक कोठेच नाही, तेव्हा साम्यवादाला हवे होते ते न भांडताच पदरात पडले.

पहिल्या पक्षाचे इतके खरे की 1848 चा जाहीरनामा मार्क्स आणि एंगल्स यांनी युरोपातील कारखानदारी पाहून लिहिला. परंतु विचाराचे जन्मस्थान हे त्याच्या असत्यतेचे प्रमाण होत नाही. शिवाय 1853 साली हिंदुस्थानावर लिहिताना याच मार्क्सने, आशियातील राज्यसत्तांकडे पूर्वापार असलेले सार्वजनिक बांधकामाचे, म्हणजे मुख्यत्वे पाटबंधाऱ्यांचे, खाते इंग्रजांनी वाऱ्यावर सोडले, असा आरोप ठेवला होता. निजामी अंमलात नांगर एकाचा आणि उत्पन्न दुसऱ्याचे, हा अनुभव कुळांना कोणत्याही ग्रंथाने शिकवावा लागला नाही. 1949 साली जहागिऱ्या खालसा झाल्या, 1950 साली कूळकायदा आला, त्याच वर्षी शेतकरी कामगार पक्षाने दाभाडी येथे मार्क्सवाद स्वीकारला आणि 1952 साली परभणीने त्याच पक्षाचे नारायणराव वाघमारे यांना लोकसभेत धाडले. मते देणाऱ्या रयतेने मार्क्सचे ग्रंथ वाचले होते असे नव्हे. जमिनीचा प्रश्न मात्र तिच्या दाराशी आधीपासूनच उभा होता.

दुसऱ्या पक्षास उत्तर खुद्द एंगल्सने देऊन ठेवले आहे. बिस्मार्कने रेल्वे सरकारजमा केली तेव्हा तिला समाजवाद म्हणणाऱ्यांची त्याने थट्टा केली, की या न्यायाने पलटणीचा शिंपीही समाजवादी संस्था ठरेल! मालकाच्या जागी सरकार आले म्हणजे मालकी कष्टकऱ्यांची झाली, असे होत नाही.

आता मंडन. माणसाचे घर, अंगावरचे वस्त्र वा कष्टाची मिळकत साम्यवाद हिरावू पाहत नाही. जमीन, यंत्र, पाणी ही उत्पादनाची साधने मूठभरांच्या कब्जात असल्यामुळे श्रमिकाच्या श्रमाचे जे वाढावे मूल्य दुसऱ्याच्या घरी जाते, ती वहिवाट तो मोडू पाहतो. येलदरीचे पाणी सार्वजनिक खरे. पण ज्यांच्या जमिनी जलाशयाखाली गेल्या त्यांचा आणि लाभक्षेत्रातील भूमिहीन मजुराचा त्या पाण्याच्या वाटपात अधिकार किती, हा प्रश्न सरकारी मालकीने मिटत नाही. पाणी शेतापर्यंत पोहोचते, आणि ज्याच्या नावे शेतच नाही त्याच्या वाट्यास दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी तेवढी येते.

सबब, दप्तरातील मालकाचे नाव बदलणे ही या सिद्धान्ताची फार तर पहिली पायरी होय. निर्णयाचा अधिकार राबणाऱ्याच्या हाती येणे हीच त्याची कसोटी, आणि साम्यवादाचे नाव घेऊन मालकाच्या गादीवर अधिकाऱ्यास बसविणाऱ्या राजवटींनाही त्याच कसोटीवर दोषी ठरविले पाहिजे.