पापण्या वाढवणारी बाटली आणि आपले दुकान

मुळशी तालुक्याचा बाजार गेल्या पंचवीस वर्षांत पार बदलून गेला आहे. हिंजवडीत आयटी कंपन्या आल्या, पिरंगुट भागात कारखाने वाढले, भूगाव-बावधनकडे इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्या मागोमाग बांगड्या, अत्तर, सुरमा आणि कटलरी विकणारे आपले बांधवही गाळे घेऊन तिथे बसले. मेंदी काढणाऱ्या आणि घरातल्या एका खोलीत पार्लर चालवणाऱ्या भगिनीही थोड्या नाहीत. गिऱ्हाईक बदलले तसा मालही बदलला. त्या मालात अलीकडे एक छोटी बाटली येऊन बसली आहे. पापण्यांचे केस लांब आणि दाट करणारे सीरम म्हणून ती विकली जाते. सुरम्याच्या डबीएवढी जागा अडवते आणि नफा मात्र कितीतरी जास्त देते. म्हणूनच तिच्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते.

आमचे मत आरंभीच सांगतो. जी बाटली खरोखरच पापण्यांचे केस वाढवते, ती औषधाची बाटली आहे. औषधाचा परवाना नसलेल्या दुकानात तिला जागा असू नये.

हे औषध आले कुठून, ते पाहण्यासारखे आहे. काचबिंदूत डोळ्यातला दाब वाढतो. तो उतरवण्यासाठी बायमॅटोप्रॉस्ट नावाचे थेंब निघाले आणि २००१ साली अमेरिकेत ‘ल्युमिगन’ या नावाने त्यांना मान्यता मिळाली. थेंब घालणाऱ्या रुग्णांच्या पापण्यांचे केस लांब होऊ लागले. म्हणजे मुळात हा औषधाचा दुष्परिणामच. कंपनीने त्याचाच धंदा केला. डिसेंबर २००८ मध्ये तेच औषध ‘लॅटिस’ या नावाने केवळ पापण्यांसाठी मंजूर झाले, पण तेही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. आपल्याकडे मुंबईच्या सन फार्मा कंपनीचे ‘केअरप्रोस्ट’ हे याच औषधाचे थेंब आहेत. ते काचबिंदूसाठी आहेत. तरीही पापण्यांच्या हौसेपायी त्यांना देशी-विदेशी गिऱ्हाईक मिळाले.

औषध काम करते, याबद्दल वाद नाही. मान्यतेआधीच्या चाचणीत २७८ जणांवर १६ आठवडे प्रयोग झाला. औषध लावणाऱ्यांच्या पापण्यांची लांबी सरासरी पाव हिश्श्याने वाढली. लावणे थांबवले की काही आठवड्यांत पापण्या पूर्वीसारख्या होतात. दुकानदाराला यातला मोह लगेच कळेल, कारण गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येणार.

पण ते गिऱ्हाईक कधी कधी तक्रार घेऊनही येते, आणि ती तक्रार बहुतेक वेळा कातडीची असते. पापणीची कातडी शरीरातली सर्वांत पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्याच चाचणीत शंभरात तीन-चार जणांना खाज सुटली, तितक्याच जणांचे डोळे लाल झाले आणि साधारण तितक्याच जणांच्या पापणीची कातडी काळवंडली. आकडा लहान दिसतो. पण चाचणीतले बहुतेक लोक गोऱ्या वर्णाचे होते, हे आपण विसरता कामा नये. हे औषध कातडीतल्या रंगपेशींना जास्त रंग बनवायला लावते आणि आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीत त्या पेशी आधीच जोमात असतात. डोळ्याभोवतीच्या काळ्या वर्तुळांची तक्रार आपल्या घराघरांत आहेच. त्यात ही भर. मुलगी आरशात पाहून म्हणते, झोप कमी झाली असेल. आई म्हणते, रक्त कमी असेल. मग ती काळी वर्तुळे घालवायची क्रीम घ्यायला त्याच दुकानात येते आणि दुकानदार तीही विकतो! बाटली बंद केली की हा काळेपणा बहुधा उतरतो, पण त्याला कित्येक महिने लागतात.

याशिवाय द्रव जिथे जिथे ओघळेल तिथे तिथे केस उगवू शकतात, गालावरसुद्धा. म्हणून ते फक्त वरच्या पापणीच्या कडेला रात्री एकदाच लावायचे आणि जास्तीचे लगेच टिपून घ्यायचे असते. खालच्या पापणीला लावायचेच नसते. दीर्घकाळ वापरणाऱ्या काहींच्या डोळ्याभोवतीची चरबी घटून डोळे खोल गेल्यासारखे दिसतात. बुबुळाचा रंग गडद होण्याचीही शक्यता असते आणि तो परत फिरत नाही. आपली बुबुळे मुळातच गडद, त्यामुळे ते आपल्याकडे कोणाच्या ध्यानात येणार नाही एवढेच. ज्यांच्या डोळ्यात दाबाचे थेंब आधीच चालू आहेत, त्यांनी तर डोळ्याच्या डॉक्टरांना न विचारता हिला हात लावू नये.

यातले काय काय काउंटरवर गिऱ्हाइकाला सांगितले जाते? ‘नॅचरल आहे, काही होत नाही,’ एवढेच.

दुसरा प्रश्न कुंचल्याचा. औषधाबरोबर येणारा कुंचला एका डोळ्यासाठी एकदाच वापरून फेकायचा असतो. पार्लरमध्ये एकच कुंचला एकीच्या डोळ्यावरून दुसरीच्या डोळ्यावर गेला तर काय होते, हे वेगळे सांगायला नको. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीकडे डोळ्यांची साथ कशी पसरली, हे पुणे जिल्ह्याने पाहिले आहे. पापण्या चिकटवण्याच्या डिंकाने पापणी सुजणे, हा आणखी एक स्वतंत्र विषय आहे.

आता कायदा. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार शरीराची रचना किंवा कार्य बदलण्यासाठी वापरायचा पदार्थ हा औषध ठरतो. केवळ रूप खुलवणारे ते सौंदर्यप्रसाधन. मस्करा पापणी काळी करतो आणि रात्री धुतला की जातो, म्हणून तो प्रसाधन. केसांची वाढच बदलणारे द्रव प्रसाधन कसे म्हणावे? साधी प्रसाधने किरकोळीत विकायला या कायद्याखाली परवाना लागत नाही, म्हणून आपल्या दुकानदारांना या कायद्याची सवय नाही. पण औषध विनापरवाना विकले तर किमान तीन वर्षे कैद आणि किमान एक लाख रुपये दंड आहे. एवढ्याशा बाटलीपायी ही जोखीम कोण घेईल?

कोणी म्हणेल, आम्ही औषध विकतच नाही, आमच्या बाटलीवर ‘कॉस्मेटिक’ छापले आहे. छापणारे अमेरिकेतही होते. तिथल्या सरकारने नोव्हेंबर २००७ मध्ये कॅलिफोर्नियात पापण्यांच्या अशाच एका ‘प्रसाधनाचा’ साठा जप्त केला; त्यात बायमॅटोप्रॉस्ट निघाले. पुढे काही कंपन्यांनी त्याच जातीची दुसरी रसायने घातली. त्यातले आयसोप्रोपाइल क्लोप्रोस्टिनेट हे प्रसिद्ध आहे. घटकांची नावे इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत असतात. पण ज्या नावात ‘प्रोस्ट’ हा आवाज येतो, ते याच घराण्यातले समजायला हरकत नाही. आम्ही दुकानदार बांधवांना सुचवतो की भिंग घेऊन एकदा आपल्या मालाची तपासणी करावी. ज्या बाटलीवर घटकच छापलेले नाहीत, तिचा तर विचारही नको.

काही सीरमांत यातले काही नसते. एरंडेल किंवा तत्सम तेल असते. त्याने पापण्यांचे केस वाढतात याला पुरावा नाही. म्हणजे गिऱ्हाइकाला एक तर न सांगता औषध जाते किंवा मोठ्या दामाने तेल जाते. दोन्हीत दुकानदाराची अब्रू पणाला लागते.

आणि बिलाचे काय? घाऊक बाजारातून पिशवीत माल आणायचा, कच्च्या चिठ्ठीवर पैसे द्यायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. याच कायद्याचे कलम १८-अ म्हणते की माल कोणाकडून घेतला त्याचे नाव-पत्ता विक्रेत्याने सांगितले पाहिजे. कलम १९ विक्रेत्याला संरक्षणही देते: माल परवानाधारकाकडून घेतला, दोष ठाऊक नव्हता, वाजवी खबरदारी घेऊनही तो कळला नसता आणि माल नीट, होता तसा ठेवला, हे सिद्ध केले तर तो सुटू शकतो. पक्के बिल नसेल तर हे सिद्ध कशाने करणार? आयात मालावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक हवा. देशी मालावर उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत हवी. २०२३ च्या आरंभी अकोल्यात रंग उजळण्याच्या क्रीममुळे आई आणि दोन मुलींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचे उघडकीस आले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा त्या क्रीममध्ये पारा निघाला. ती क्रीम पार्लरमार्फत घरात आली होती. अशा वेळी गिऱ्हाईक कारखानदाराला ओळखत नाही, विकणाऱ्याला ओळखते.

मेंदी काढणाऱ्या भगिनींसाठी एक जुनी हकिकत. १९३३ साली अमेरिकेत ‘लॅश ल्युअर’ नावाचा पापण्या रंगवायचा रंग निघाला. त्याने काही स्त्रियांचे डोळे गेले, एक दगावली. तेव्हाच्या कायद्यात प्रसाधने येतच नव्हती, त्यामुळे सरकारला काही करता आले नाही. १९३८ मध्ये नवा कायदा झाला तेव्हा कुठे तो माल उचलला गेला. त्या रंगातले द्रव्य होते पीपीडी. आज ‘काळी मेंदी’ म्हणून जी लगेच चढते, तिच्यात अनेकदा हेच द्रव्य असते. तो कोन पापण्या-भुवयांजवळ नेऊच नये.

सुरम्याचा उल्लेख टाळला तर आमचे जुने वाचक रागावतील. इस्मिद सुरम्याने पापण्यांचे केस वाढतात, असे हदीसमध्ये आले आहे आणि त्या श्रद्धेनेच तो विकत घेतला जातो. म्हणून तर विकणाऱ्यावर जास्त जबाबदारी येते. बाजारात सुरमा म्हणून मिळणारा काळा दगड पुष्कळदा इस्मिद नसून गॅलेना, म्हणजे शिशाचा दगड असतो. शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. बाळाच्या डोळ्यांसाठी कोणी सुरमा मागितला तर आम्ही विकणार नाही.

केमोथेरपीने किंवा चाईने ज्यांच्या पापण्या झडल्या आहेत, त्यांना उपचार हवा असणे रास्तच आहे. त्यांना त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे. आणि आपल्याकडची बाटली लावून पापणी काळवंडली किंवा सुजली म्हणून कोणी दुकानावर आले, तर हुज्जत घालू नये. लावणे लगेच थांबवायला सांगावे आणि पौडचे ग्रामीण रुग्णालय, औंधचे जिल्हा रुग्णालय किंवा ससूनचा त्वचारोग विभाग यांपैकी जवळ पडेल तिथे जायला सांगावे. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर करता येते. बाटली फेकून देऊ नये, खोक्यासकट सोबत न्यावी. त्यात काय होते, हे डॉक्टरांना तिच्यावरूनच कळेल.