गळ टाकण्यापूर्वी

आमच्या वर्गातील मित्रांनी भंडारदऱ्याला मासे धरण्याच्या सहलीचा बेत आखला आहे. मुक्काम, वर्गणी, फिरकीच्या काठ्या सारे ठरले. तारीख मात्र श्रावणातली निघाली आणि मी आडवा आलो. ‘पावसाला भितोस काय?’ म्हणून मंडळी हसली.

माझे वडील मुळा धरणावर जाळे टाकतात, हे मी कॉलेजात आजवर कुणाला सांगितले नव्हते. पावसाळ्यात मासळीच्या पोटात गाभोळी असते. मरळ तर लालसर पिलांच्या थव्याखाली राखण करीत फिरते. तेव्हा ती जवळ येईल त्यावर झडप घालते, म्हणून नवशिक्याच्याही गळाला लागते. वर आली एक मरळ, मागे बुडाला सारा थवा! ह्यात कसली मर्दुमकी?

शिवाय धरणातील मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थेकडे असतो. न विचारता गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतातली कणसे मोडणे. १९२६ साली पुरे झालेले ते धरण आपणांस सहलीची जागा वाटते; काठच्या माणसाची त्यावर चूल पेटते.

माघात निघू. संस्थेच्या माणसांना विचारायचे काम माझे. काठी मी घरची, बांबूची आणीन. वर्गणी तेवढी दोन हप्त्यांत घ्यावी.