‘मर्यादेत आहे’, पण कोणाच्या?

बारामती व इंदापूर तालुक्यांतील शेतकरी, शेतमजूर बंधू-भगिनींनो,

पाण्याच्या अहवालावर ‘एकूण क्रोमियम : मर्यादेत’ एवढे वाचून कागद फायलीत लावू नका. या एका आकड्यात दोन वेगळे पदार्थ मिसळलेले आहेत.

त्रिसंयुजी क्रोमियम आपल्या काळ्या जमिनीत मुळातच असते. माती तपासून नुसत्या एकूण आकड्यावर बोंब ठोकणारेही म्हणूनच चुकतात. खरा धोका षट्‌संयुजी क्रोमियमचा. ते क्रोम प्लेटिंग आणि रंगद्रव्यांच्या उद्योगात वापरतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० सालीच ते कर्करोगकारक ठरवले.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९८ साली रोज पोटात जाण्याची सुरक्षित मात्रा सांगितली. शरीराच्या दर किलो वजनामागे त्रिसंयुजीच्या न विरघळणाऱ्या क्षारांसाठी १.५ मिलिग्रॅम, षट्‌संयुजीसाठी ०.००३. फरक पाचशे पटींचा! त्यातही कर्करोगाचा हिशेब धरलेला नव्हता.

आता आपला हिशेब. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम. उन्हात खुरपणारी ५० किलो वजनाची बाई दिवसाला ५ लिटर पाणी पिते. त्या पाण्यातले क्रोमियम सगळे षट्‌संयुजी निघाले, तर किलोमागे ०.००५ मिलिग्रॅम पोटात जाते. कागद म्हणतो मर्यादेत. मात्रा मात्र दीडपटीच्या वर! कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये षट्‌संयुजीसाठी स्वतंत्र मर्यादा घातली : लिटरला ०.०१ मिलिग्रॅम.

आम्ही कोणत्याही कारखान्यावर आरोप करत नाही. पण पिंपरी-चिंचवडचे पाणी भीमेतून उजनीत, म्हणजे इंदापूरच्या दारात येते. कऱ्हा नीरेला मिळते, नीरा नरसिंहपूरला भीमेला. अशा ठिकाणी बेरजेच्या आकड्यावर निर्धास्त राहणे परवडणारे नाही.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ व पाणीपुरवठा विभागाकडे आमच्या मागण्या :

१. षट्‌संयुजी क्रोमियमचा आकडा वेगळा द्या. ‘आढळले नाही’ लिहायचे असेल, तर तपासणीत किमान किती सापडू शकते तेही लिहा.

२. त्या तपासणीच्या नमुन्यात आम्ल घालू नका. आम्लात षट्‌संयुजीचे त्रिसंयुजी होऊ लागते. मग तपासणी म्हणजे चोर पळाल्यावरचा पंचनामा. नमुना बर्फाच्या पेटीत न्या, २४ तासांत तपासा.

३. एमआयडीसीलगतच्या बोअर आणि उजनीकाठच्या विहिरी तपासा; अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. इतिवृत्तात नोंद झाल्याशिवाय उठू नका!