बधिर तळवा, लोंबते पाऊल

वडनेर भोलजीच्या शिवारात पऱ्हाटीचे खुंट आणि बांधावरच्या बाभळीचे काटे अनवाणी तळव्यात शिरतातच. शाबूत पाय लगेच उचलला जातो. बधिर पाय त्याच काट्यावर दिवसभर चालतो, आणि चपलेला ओल लागली की मग जखम उघडकीस येते.

तळव्याची संवेदना टिबियल नसेकडे असते. ती आतल्या घोट्यामागून पावलात उतरते आणि कुष्ठरोगात बहुधा तिथेच जाडावते. मधुमेहात बधिरपणा दोन्ही पायांच्या बोटांकडून वर चढतो. कुष्ठरोगाने बोटे झडत नाहीत, वेदना न कळल्यामुळे पुन्हापुन्हा इजा होऊन ती जातात, हे वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले. तळव्याचा व्रण हा मुळात भाराचा आजार आहे. अंगठ्याच्या मुळाशी घट्टा दिसला तर तो सोलून पाहावा. अनेकदा व्रण त्याखालीच दडलेला असतो. पावलाची नाडी चांगली असेल आणि खोल पू नसेल, तर भार वाटून घेणारे प्लास्टर घालावे. रोज पट्टी बदलायची आणि रुग्णाला त्याच पायावर शेतात जाऊ द्यायचे, याला उपचार म्हणता येत नाही.

गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूने फिब्युलाच्या मानेला वळसा घालणारी पेरोनियल नस निकामी झाली की पाऊल लोंबते. कुष्ठरोगातली ही हानी 6 महिन्यांच्या आतली असेल तर प्रेडनिसोलोनने ताकद परतू शकते. डिसेंबर 2005 मध्ये देशपातळीवर दर 10,000 लोकांमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठले गेले, आणि ज्या विदर्भात कुष्ठरुग्णांसाठी तपोवन व आनंदवन उभे राहिले तिथेही नस चाचपण्याची सवय सुटत गेली. त्यात हे मोलाचे महिने हातचे जातात.

लकवा कायम झाला की शस्त्रक्रिया. टिबियालिस पोस्टेरियर स्नायूला टिबियल नसेची शाखा पोटरीतच मिळते, म्हणून घोट्याजवळ नस मेली तरी हा स्नायू कामाचा राहतो. त्याचा कंडरा नॅव्हिक्युलर हाडापासून सोडवतात, त्याच्या दोन शेपट्या करतात आणि बोटे उचलणाऱ्या कंडरांत गुंफतात. टाचेमागचा कंडरा आखडला असेल तर तो त्याच वेळी लांबवावा, नाहीतर नवा स्नायू त्याच्याशीच झगडत राहतो. प्लास्टर निघाल्यावर आत ओढणाऱ्या स्नायूला वर उचलायला शिकवावे लागते. फिजिओथेरपी चुकली तर शस्त्रक्रिया वाया.

पाऊल उचलू लागले तरी तळवा बधिरच राहतो. एमसीआर (मायक्रोसेल्युलर) रबराची, खिळे नसलेली, मागे पट्टा असलेली चप्पल कायमची घालावी लागते, आणि घालण्यापूर्वी रोज आत हात फिरवून काटा तपासावा लागतो.