तळणीचं तेल मोरीत ओतू नका!

दिवाळीतल्या चकल्यांचा शेवटचा घाणा निघतो आणि कढईत काळपट तेल उरतं. दोन दिवस ते झाकून ठेवतो, मग मोरीत ओततो, वर तांब्याभर गरम पाणी. घराघरांत हेच चालतं. ते तेल पुढे कुठे जातं, हे आपण कधी विचारत नाही.

मी ते पाहिलं आहे. आमच्या सोसायटीचं चेंबर तुंबलं तेव्हा पाइपात तेलाचे थर गोठून, केस आणि खरकटं धरून त्यांचा पांढरट गोळा झाला होता. एक तरुण मुलगा हातमोज्यांशिवाय, खांद्यापर्यंत हात घालून तो खरवडून काढत होता. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं 2013च्या कायद्याने गुन्हा आहे. तरीही तो मुलगा तिथे होता, आणि तो गोळा आम्ही सगळ्यांनी मिळून वर्षभरात तयार केला होता. त्या दिवसापासून मी मोरीत थेंबभरही तेल ओतलेलं नाही.

मग तेच तेल पुन्हा पुन्हा तळायला वापरायचं? मुळीच नाही. तेलातली ध्रुवीय संयुगं 25 टक्क्यांच्या वर गेली की ते खाण्याजोगं राहत नाही, हा नियम 1 जुलै 2018पासून देशभर लागू आहे. घरी मोजायचं साधन नसलं तरी काळा रंग, चिकटपणा आणि तापवताच उठणारा फेस पुरेसं सांगतात.

या तेलाचा साबण होतो, चांगला होतो! तेल आणि कॉस्टिक सोडा एकत्र आले की साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. तेल फडक्यातून गाळा, कोमट मिठाच्या पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा. हळद-मसाला खाली बसतो. वरचं निथळ तेल काढून घ्या. एक किलो सूर्यफूल किंवा शेंगदाणा तेलाला सुमारे 128 ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि 300 ग्रॅम पाणी लागतं. अंदाजपंचे नको, काट्यावर वजन करा. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीही नाही. भांडं स्टीलचं, जर्मनचं नको. हातमोजे, चष्मा घाला, खिडक्या उघड्या ठेवा आणि मुलांना लांब ठेवा; सोडा कातडी भाजतो. अंगावर उडालाच तर लगेच भरपूर पाण्याखाली धरा.

द्रावण निवलं की तेलात ओतून ढवळत राहा. वेळ लागतो, हात दुखून येतो. मग मिश्रण बासुंदीसारखं दाटतं आणि पळीची रेघ वर तशीच राहते. ते दुधाच्या रिकाम्या खोक्यात ओता, घट्ट झाल्यावर वड्या पाडा आणि चार ते सहा आठवडे वाऱ्यावर सुकू द्या. कपडे, भांडी, फरशी यांसाठी हा साबण उत्तम. तोंडाला मात्र लावू नका.

शंभर वर्षांपूर्वी अर्देशिर गोदरेज यांनी मुंबईत प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलाचा साबण तयार केला, तेव्हा स्वदेशीच्या चळवळीला बळ मिळालं. आज आपल्याला कारखाना उभारायचा नाही, कढई सरळ धरायची आहे. बचत गटातल्या भगिनींनो, वडापावच्या गाडीवाल्यांनो, हे काम तुमच्यापासून सुरू होऊ शकतं. गॅसशेजारी आजच एक रिकामी बरणी ठेवा. ती भरली की चार शेजाऱ्यांना हाक मारा आणि पहिली वडी पाडा.