मतदार आजचे, हिशेब 2011 चा : वाघोलीच्या प्रभागरचनेचा पेच

वाघोली : 30 जून 2021 ला वाघोलीसह 23 गावं पुणे महापालिकेत आली. ग्रामपंचायत गेली, पण मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली अन् नगरसेवकाविना वर्षं गेली. त्या काळात करभरणा सुरू होता, गाऱ्हाणं मात्र प्रशासकाकडे न्यावं लागत होतं.

सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2025 च्या आदेशानंतर प्रभागरचना झाली. 41 प्रभाग, 165 नगरसेवक. वाघोली जोडली गेली खराडीला, प्रभाग 4 मध्ये. आधार मात्र 2011 च्या जनगणनेचा : 34 लाख 81 हजार लोकसंख्या, म्हणजे चार सदस्यांच्या प्रभागाला सरासरी 84 हजार. त्यानंतर नगर रस्त्यालगत उभ्या राहिलेल्या सोसायट्या या हिशेबात नाहीतच. जिथे वाढ जास्त, तिथे एका नगरसेवकामागे माणसं जास्त. टँकर, ड्रेनेज, कोंडी यांसाठी आवाज तेवढाच.

दुसरा गुंता यादीचा. वाघोली शिरूर विधानसभेत, खराडी वडगाव शेरीत. पालिकेची यादी विधानसभेच्याच यादीतून फोडतात. सीमेवरची सोसायटी चुकून शेजारच्या प्रभागात गेली, तर हरकतीच्या मुदतीतच ओरडावं लागतं.

आता नवी जनगणना तोंडावर आहे. घरातला प्रत्येक माणूस, भाडेकरूसुद्धा, तिच्यात नोंदला गेला, तरच पुढच्या रचनेत वाघोलीचं वजन वाढेल.