शुश्रूषा म्हणजे ऐकणे : केशप्रत्यारोपणानंतरच्या मराठीविषयी

'शुश्रूषा' हा शब्द आपण सेवा किंवा परिचर्या या अर्थाने वापरतो. संस्कृतात तो 'श्रु' या धातूच्या इच्छार्थक रूपावरून सिद्ध झाला आहे. त्याचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. ज्याचे ऐकावयाचे त्याच्या जवळ बसावे लागते, जवळ बसले की त्याचे हवे-नको पाहावे लागते, आणि अशा रीतीने ऐकण्यातून सेवेचा अर्थ उगवला असावा. मुंबईच्या उपनगरांत, आमच्या चेंबुरातही, डोक्यावर केस रोवून घेण्याचा व्यवहार आता नवलाईचा राहिलेला नाही. या व्यवहारात शस्त्रक्रिया आहे, जाहिरात आहे, सुलभ हप्तेही आहेत. परंतु वर सांगितलेल्या मूळ अर्थाने शुश्रूषा फारशी नाही. या उणिवेला वैद्यक जितके जबाबदार आहे तितकीच आपली भाषा आणि आपला विनोदही जबाबदार आहे, असे आमचे मत आहे.

साहित्याच्या पानावर हा विषय कशाला, असे कोणी विचारील. मराठी माणसाच्या आयुष्याचे टप्पे केसांवरच कोरलेले आहेत, हे प्रथम ध्यानात घ्यावे. तान्ह्याचे जावळ, मुंजीतले क्षौर व शेंडी, आईबापांच्या मृत्यूनंतरचे मुंडण हे सारे केसांचेच विधी होत. विधवेचे केशवपन हा तर आपल्या वाङ्मयेतिहासाचाच भाग आहे. हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक' पत्रातून क्रमशः येऊ लागली ती १८९० साली. तिच्यातील यमूचे केशवपन शिकवताना वर्ग आजही स्तब्ध होतो. त्याच १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत जमलेल्या नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असा निर्धार केला. केस जाण्याचे दुःख ऐकण्याची पात्रता मराठीने मोठ्या किमतीने कमावली आहे, ती अशी.

पुरुषाचे टक्कल मात्र या परंपरेत दुःखाच्या खात्यावर कधी जमा झाले नाही. ते विनोदाकडे गेले. प्रहसनात, व्यंगचित्रात, दिवाळी अंकांतल्या चुटक्यांत आणि प्राध्यापकांच्या खोलीतही टकल्या माणूस म्हणजे हक्काचा हशा. केशवपनाची लादलेली क्रूरता आणि अनुवंशाने आलेले टक्कल यांना एका तराजूत घालण्याचा अविचार आम्ही करणार नाही. परंतु ज्या गोष्टीला भाषेत फक्त हसण्याचीच जागा असते, ती गोष्ट माणूस लपवतो, एवढे तरी मान्य व्हावे. चाळिशीतला गृहस्थ 'गावी जाऊन येतो' असे सांगून आठवडाभराची रजा काढतो, टोपी घालून परततो आणि सहकाऱ्यांनी काही विचारू नये म्हणून मधल्या सुट्टीत वर्गातच बसून राहतो. बाळंतिणीसाठी आपल्याकडे सव्वा महिन्याची शेक-शेगडी आहे, अळिवाची खीर आहे, डिंकाचे लाडू आहेत, विचारपूस करणाऱ्या दहा बायका आहेत. या माणसापाशी इंग्रजी सूचनांचा एक छापील कागद असतो आणि तोही तो कपाटात दडवून ठेवतो.

वास्तविक या शस्त्रक्रियेचे यश टेबलावर जितके ठरते तितकेच नंतरच्या दिवसांत ठरते. डोक्याच्या मागच्या भागातील केस टक्कल पडण्याच्या प्रक्रियेला सहसा दाद देत नाहीत, आणि दुसरीकडे लावले तरी आपला हा स्वभाव सोडत नाहीत. न्यूयॉर्कचे नॉर्मन ऑरेन्ट्राइख यांनी १९५० च्या दशकात दाखवलेल्या या तत्त्वावर आजचे सारे तंत्र उभे आहे. एकेका रोपात एक ते चार केस असतात. पहिले काही दिवस ही रोपे अगदी सैल असतात. म्हणून डोके उंच ठेवून निजायचे, खाजवायचे नाही, वाकून जड उचलायचे नाही, सांगितलेल्या दिवसापासून हलक्या हाताने, पाण्याचा जोर न लावता डोके धुवायचे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कपाळावर सूज उतरते, ती बहुधा आपोआप ओसरते. खपल्या साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत गळतात. त्या नखाने काढायच्या नाहीत. ऊन, धूम्रपान, मद्य वर्ज्य. 'केसालाही धक्का लागू देणार नाही' हा वाक्प्रचार या दहा-बारा दिवसांत शब्दशः पाळावा लागतो. सकाळच्या हार्बर लोकलमध्ये दुसऱ्याच्या कोपराखाली डोके घालून उभ्या राहणाऱ्या माणसाला तो कसा पाळायचा, हे मात्र त्या कागदावर नसते.

त्याहून अवघड काळ पुढे येतो. लावलेले केस दोन ते आठ आठवड्यांच्या दरम्यान बहुतांशी गळून पडतात. मुळे त्वचेत शाबूत असतात. धक्क्यामुळे ती विश्रांतीत गेलेली असतात. नवे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून दिसू लागतात आणि खरे फळ हाती यायला नऊ महिने ते वर्ष लागते. हे ठाऊक नसलेला माणूस दुसऱ्या महिन्यात आरशासमोर खचतो. पैसे बुडाले असे त्याला वाटते, आणि हे बोलायला कोणी नसते, कारण ही गोष्ट त्याने कोणालाच सांगितलेली नसते. शिवाय प्रत्यारोपणाने टक्कल पडणे थांबत नाही. मूळचे केस विरळ होतच राहतात, त्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे चालू ठेवावी लागू शकतात. हे वाक्य जाहिरातीत क्वचितच सापडते.

लपवण्याची किंमत नैराश्यापुरती राहिली असती तर हा लेख लिहिला नसता. मार्च २०१९ मध्ये मुंबईतील एका व्यावसायिकाचा प्रत्यारोपणानंतर दोन दिवसांच्या आत मृत्यू झाला. चेहरा व घसा सुजून त्याला श्वास घेणे कठीण झाले होते, आणि तीव्र ॲलर्जीची प्रतिक्रिया असल्याचा संशय त्या वेळी व्यक्त झाला. अशी घटना विरळा, हे खरे. पण कपाळावरची नेहमीची सूज कोणती आणि जिवावरची सूज कोणती, हा भेद रुग्णाला व त्याच्या घरच्यांना आधीच माहीत हवा. घसा आवळणे, धाप लागणे, अंगावर गांधी उठणे, असे काही दिसताच तत्काळ मोठे रुग्णालय गाठायचे. ताप, पू, वाढती वेदना किंवा त्वचा काळी पडणे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर. पण ज्या घराला शस्त्रक्रियेचाच पत्ता नाही, ते घर रात्री दोन वाजता काय ओळखणार? सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने, कार्यशाळा किंवा यूट्यूबवरील चित्रफिती पाहणे हे अशा शस्त्रक्रियांसाठी पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असे स्पष्ट बजावले. हे बजावावे लागले, यातच परिस्थितीचे वर्णन आले. कात्री कोणाच्या हाती आहे हे विचारण्याचा अधिकार रुग्णाला आहे. परंतु लाजेने आलेला माणूस प्रश्न विचारत नाही.

येथे मराठीच्या अभ्यासकांना काम आहे. सूचनांचा कागद मराठीत हवा, आणि तो भाषांतरित मराठीत नको. 'प्रत्यारोपित केशकूपांचे विश्रांतिकालीन पतन' असे लिहून कोणाचे भले होणार? कोकणातला शेतकरी तरवा उपटून चिखलात लावणी करतो. काही दिवस रोपे पिवळी पडतात, मान टाकतात. मग जीव धरतात. लावणी पाहिलेल्या पिढीला एवढे सांगितले तर दुसऱ्या महिन्याची भीती निम्मी होईल. उपमा तंतोतंत नाही, कारण येथे केस पिवळा पडत नाही, गळतोच; पण मूळ रुजलेले असते ही मुख्य गोष्ट तीत नेमकी येते. रोप, लावणी, रुजणे, खपली, पथ्य हे शब्द आपल्यापाशी आहेत. उपयोजित मराठीच्या तासाला आपण विद्यार्थ्यांकडून कार्यालयीन पत्रे लिहून घेतो. एखादे रुग्णपत्रक लिहून घेऊन ते डॉक्टरांकडून तपासून घ्यायला काय हरकत आहे?

यावर एक आक्षेप रास्त आहे. परळच्या टाटा रुग्णालयात औषधोपचाराने केस गेलेली माणसे जगण्यासाठी झुंजत असताना हौसेने केस लावून घेणाऱ्यांचे इतके कौतुक का? कौतुक नाहीच. जाहिरातींनी टकलाला व्यंग ठरवले, भीती पेरली आणि मग उपाय विकला, ही टीका आम्हांलाही मान्य आहे. टक्कल अभिमानाने मिरवणारा माणूस आम्हांस अधिक आवडतो. परंतु माणूस शस्त्रक्रियेला का गेला याचा निवाडा वेगळा आणि जखम झाल्यावर त्याची काळजी घेणे वेगळे. जखम हौसेची असो वा गरजेची, तिला पथ्य सारखेच लागते. निवाडा झाल्याशिवाय ऐकणार नाही, असे म्हणणारी संस्कृती शुश्रूषा या शब्दाचा अर्थ विसरली आहे.

हरिभाऊंनी आपल्या कादंबरीचे नावच एका प्रश्नाने ठेवले. तो प्रश्न यमूचा होता आणि त्याची तीव्रता इतर कोणत्याही केसकथेला येणार नाही. तरीही टोपीखाली डोके झाकून बसलेल्या सहकाऱ्याला चुटका ऐकवण्याआधी तो एकदा मनात म्हणून पाहावा. मग चुटका राहू द्यावा आणि 'दुखतंय का?' एवढेच विचारावे. उत्तर आले, तर ते ऐकावे.